काचेवरची ओल

वलमामा एसटीत कधी सरळ चढले नाहीत. आर्वीच्या स्टँडवर ‘तळेगाव’ अशी ठसठशीत पाटी लावलेली गाडी समोर उभी असायची, तरी ते आधी ड्रायव्हरला विचारायचे, मग कंडक्टरला, आणि दोघांनी हो म्हटल्यावर खिडकीतून एखाद्या बाईला, “कुठं चालली वो माय?” असं विचारून खात्री करून घ्यायचे. एकदा कंडक्टर वैतागला. “मामा, पाटी दिसत नाई का तुमाले?” मामा शांतपणे म्हणाले, “दिसते ना. पन आत्ताची हाय का कालची?”

हा प्रश्न ते सगळ्यांना आणि सगळ्याबद्दल विचारत. कॅन्टीनच्या पोह्यांबद्दल, पेपरातल्या बातमीबद्दल, भिंतीवरच्या घड्याळाबद्दल. मॅनेजर साहेब सकाळी हसून बोलले असं कोणी सांगितलं, तर मामा विचारत, “आत्ताचं हासू होतं का कालचं उरलेलं?” ओळख झाली तेव्हा मला हा माणूस ठार संशयी वाटला, आणि थोडा आगाऊही. आता मी स्वतः दुधाच्या पिशवीवरची तारीख दोनदा वाचते, कुलूप लावून तीनदा ओढते, आणि घरचे विचारतात, हा रोग तुला कुठून लागला? मी नाव सांगत नाही. नाव सांगितलं की सगळंच सांगावं लागतं.

आर्वीबाहेरच्या आमच्या सूतगिरणीत मामांचं काम एकच होतं, हवेतली ओल मोजणं. वऱ्हाडीत ओल म्हणजे वल, म्हणून ते वलमामा. खरं नाव फक्त हजेरीपटावर होतं. बाहेरच्या माणसाला हे काम म्हणजे थट्टा वाटेल, पण सूतगिरणीत सगळा खेळ हवेचा असतो. हवा कोरडी पडली की धागा तटातट तुटतो आणि रुई उडून नाकातोंडात जाते. ओल वाढली की कापूस रुळांना चिकटून गुंडाळला जातो. म्हणून मोठमोठे पंखे आणि पाण्याचे फवारे लावून हवा हवी तशी ठेवतात. फवारे कधी सोडायचे आणि कधी बंद करायचे, हे मामांच्या आकड्यावर ठरायचं.

त्यांचं हत्यार म्हणजे लाकडी मुठीची एक फिरकी. तिच्यात दोन थर्मामीटर शेजारी शेजारी. एक कोरडा आणि दुसऱ्याच्या टोकाला ओली वात. फिरकी गरगरा फिरवली की वातीतलं पाणी उडतं आणि तो थर्मामीटर थंड पडतो. हवा जितकी कोरडी, तितका दोघांतला फरक जास्त. फिरवताना मामा हात लांब करून तोंड दुसरीकडे वळवत, स्वतःचा श्वाससुद्धा लागू नये म्हणून. वात ते दर सोमवारी बदलत. ती मामींच्या जुन्या सुती लुगड्याची असे, साध्या पाण्यात सात वेळा धुतलेली. “साबन राह्यला का फडकं खोटं बोलते,” ते म्हणत. मग आकडा रजिस्टरात लिहायचा आणि लिहिलेला पुन्हा वाचायचा.

मी नाचणगावची. पुलगावात शिकून पहिल्या नोकरीला लागले ती या गिरणीच्या गुणवत्ता विभागात. अजून कायम झाले नव्हते आणि नाकावर माशी बसू देत नव्हते. त्याच वर्षी गिरणीत ओल मोजायचं नवं यंत्र आलं आणि ते माझ्या ताब्यात दिलं गेलं. चपलेच्या खोक्याएवढा पांढरा डबा. मधे चार बोटांची मोकळी फट, आणि फटीच्या दोन्ही बाजूंना एकेक गोल काच. एका काचेतून दुसरीकडे डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड किरण जातो. हवेतली वाफ त्यातला थोडा गिळते. वाफ जास्त, तर पलीकडे पोचणारा किरण कमी. त्यावरून डबा आकडा दाखवतो आणि फवारे स्वतःच चालू-बंद करतो. सोबत आणखी एक किरण असतो, त्याला वाफ हात लावत नाही. धूळ-रुई आली तर दोन्ही किरण सारखेच अडतात, म्हणून धुळीने डबा फसत नाही.

हे सगळं मी मामांना मोठ्या तोऱ्यात समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “उजेड हाय म्हनतं, पन दिसत नाई. वाफ हाय म्हनतं, थे बी दिसत नाई. न दिसनारं न दिसनाऱ्याले मोजून राह्यलं, अन् मी मान हालवू?”

मग त्यांनी वाकून फटीत हळूच फुंकर मारली. आकडा सत्तावन्न टक्क्यांवरून झपकन ऐंशीच्या वर गेला आणि पुन्हा खाली आला. मामांचे डोळे चमकले. “श्वास ओयखते बाप्पा!” पण लगेच चेहरा आक्रसला. “एक सांगजो बाई. मायी वात सुकली तं मले डोयानं दिसते. हे खोटं बोलाले लागलं तं कसं दिसीन?”

“हे खोटं बोलत नाही, मामा,” मी म्हणाले. हे वाक्य मला आजही झोपू देत नाही.

तेव्हापासून मामा रोज डब्याशी येऊ लागले. फुंकर मारत, शेजारी उभे राहून फिरकी फिरवत आणि दोन्ही आकडे स्वतःच्या वहीत टिपून ठेवत. माझ्या मनात पाल चुकचुकली. यंत्र आलं, आता मामांची गरज संपली, हे गिरणीत सगळेच बोलत होते. निवृत्तीला काही महिने उरलेला माणूस रोज डब्याभोवती घोटाळतो, तो काय कौतुकानं? मी त्यांच्यावर नजर ठेवायला लागले. डब्याच्या चारही स्क्रूंवर नेलपॉलिशचा ठिपका लावला. कोणी डबा उघडला तर रंग फुटेल आणि चोर सापडेल. दुसऱ्याच दिवशी मामांनी तो ठिपका पाहिला. “काऊन वो, नखं पुरली नाई का?” एवढंच म्हणाले आणि फिरकी फिरवत पुढे गेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण ठिपके मी पुसले नाहीत.

खंडेनवमीला गिरणीत यंत्रांची पूजा असते. त्या दिवशी प्रत्येक जण आपापल्या यंत्राला हळदकुंकू लावतो, झेंडूचा हार घालतो आणि नारळ फोडून त्याचं पाणी शिंपडतो. रिंगफ्रेमवर, म्हणजे सूत कातणाऱ्या यंत्रावर, तुटलेले धागे सांधणाऱ्या सुमनताईंनी आपल्या फ्रेमची पूजा केली. मी माझ्या डब्याची केली, सगळ्यांच्या देखत, हौसेने. हार घातला, कुंकू लावलं आणि झेंडूच्या फुलाने नारळाचं पाणी डब्यावर मनसोक्त शिंपडलं. मामांनी मात्र फिरकीच्या लाकडी पेटीच्या झाकणाला कुंकवाचं एक बोट लावलं आणि नमस्कार केला. “आत नाही लावत?” मी विचारलं. “पेटीले लावलं का झालं. देवाले पोचते,” ते म्हणाले. मला वाटलं, म्हातारा देवाच्या बाबतीतही हातचं राखून आहे. दसऱ्याची सुट्टी संपल्यावर मी स्वतः कोरड्या फडक्याने हळदकुंकू पुसलं आणि डबा लख्ख केला.

आणि धागे तुटायला लागले. ऑक्टोबरचं ऊन, बाहेर कडकडीत कोरडी हवा. रिंगफ्रेमवर सुमनताईंची बोटं एक धागा सांधीपर्यंत दुसरा तुटत होता. रुई उडून केसांवर, भुवयांवर बसत होती. डबा मात्र ऐटीत अठ्ठावन्न दाखवत होता. अठ्ठावन्न म्हणजे झकास हवा, म्हणून फवारे बंद. मामांनी फिरकी फिरवली आणि म्हणाले, “शेहेचाळीस.” दुसऱ्या दिवशी पुन्हा शेहेचाळीस. त्यांनी फवारे सोडायला सांगितले. मी डब्याकडे बोट दाखवून सोडू दिले नाहीत.

तिसऱ्या दिवशी मॅनेजर साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. “मॅडम, डबा चुकतो आहे की त्याच्याशी कोणी छेडछाड करतं आहे?”

डबा चुकला तर मी चुकले, कारण तो माझ्या ताब्यात. मी म्हणाले, “सर, वलमामा रोज तिथे असतात. हातात ओलं फडकं असतं.” यातला शब्द न शब्द खरा होता. वात बदलायची म्हणून ते ओलं फडकं बाळगतच. पण ओलं फडकं फटीजवळ धरलं की आकडा खोटा चढतो, हे मला ठाऊक होतं आणि साहेबांनाही. साहेबांनी जे समजायचं ते समजून घेतलं. स्क्रूंवरचं माझं नेलपॉलिश शाबूत होतं, हे मात्र मी सांगितलं नाही.

त्याच दुपारी मामांना रिंगफ्रेमच्या खात्यात पाऊल टाकायला बंदी झाली आणि त्यांची रवानगी रुईच्या गोदामात केली गेली. फिरकीची पेटी काखेत मारून ते सगळ्या कामगारांसमोरून चालत गेले. कोणीतरी मागून म्हणालं, “मशीन बिघडवून राह्यलता म्हने मामा.” मामांनी वळून पाहिलं नाही. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यावर संशय घेतला त्यांच्यावर आता सगळ्यांचा संशय होता, आणि मला, खोटं कशाला सांगू, थोडं बरं वाटलं.

पण मामा गेले तरी धागे तुटतच राहिले. आता ओलं फडकं घेऊन येणारं कोणी नव्हतं, आणि डबा अठ्ठावन्नच दाखवत होता. आणखी काही दिवसांनी सुमनताई माझ्या टेबलाशी आल्या आणि फिरकीची पेटी पुढे ठेवली. “मामानं धाडली. म्हने, सोताच्या हातानं फिरवून पाह्य म्हना.”

मी फिरवली. हात लांब करून, तोंड वळवून. शेहेचाळीस. पुन्हा फिरवली. पंचेचाळीस. मग मी डब्याच्या फटीत करंगळी घातली आणि काचेला लावली. बोट चिकटलं. डोळ्यांना काच स्वच्छ होती, पण तिच्यावर वाळलेल्या नारळाच्या पाण्याचा पातळ थर होता. त्यातली साखर हवेतली ओल ओढून धरत होती, आणि ती काचेवरची की हवेतली हे किरणाला कळायला मार्ग नव्हता. धुळीचा हिशेब करणारा दुसरा किरणही इथे कामाचा नव्हता, कारण तो ओलीला ओळखतच नाही. माझा डबा नऊ दिवस हवेत माझा नारळही मिसळून मोजत होता. स्पिरिटने काच पुसली, तसा आकडा घसरत घसरत पंचेचाळीसवर येऊन थांबला, आणि कितीतरी दिवसांनी फवारे सुरू झाले.

मी पेटी घेऊन धावत गोदामात गेले. मामा रुईच्या गाठींना टेकून बसले होते. मी रडत रडत सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि एवढंच विचारलं, “लिवलं का?”

“काय?”

“रजिस्टरात. नऊ दिसाचे आकडे खोटे हायत, अन् काऊन हायत, थे.”

गोदामाच्या कोपऱ्यात जुन्या रजिस्टरांचे गठ्ठे होते. मामा उठले, त्यांतलं एक पिवळं पडलेलं रजिस्टर काढलं आणि न चाचपडता एक पान उघडलं. खूप जुन्या सालातलं पान, त्यांच्याच अक्षरातले आकडे.

“हे पाह्य. या दिशी मायी वात सुकलती. मी पाह्यलंच नाई, कालचे आकडे पाहून आजचे लिवले. फवारे बंद राह्यले, धागे तुटले, अन् साहेबानं एका गड्याले कामचोर म्हनून घरी धाडलं. थो मंग आलाच नाई. आठ दिसानं मले कयलं का वात सुकेल होती.”

“मग तुम्ही सांगितलं?”

“नाई.” त्यांनी पान मिटलं. “आजवर नाई. थो गडी बी नाई राह्यला आता. तवापासून मले मायाच डोयावर भरोसा नाई, तं लोकाइच्यावर काय राहीन? तू असं नको करू, पोरी. लय वंगाळ जाते जिंदगी.”

मी वर आले आणि रजिस्टर उघडलं. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: ‘काच साफ केली. आकडे पूर्ववत.’ काच कोणी खराब केली, हे लिहिलं नाही. नोकरी कायम व्हायला थोडे दिवस उरले होते आणि माझं धैर्य तेवढंच होतं. साहेबांनी शेरा वाचला, डबा सुधारला म्हणून समाधान मानलं आणि मामांना काही परत बोलावलं नाही. बिघाड करणारा गेला म्हणूनच यंत्र सुधारलं, असंही कोणाला वाटलं असेल.

महिना-दीड महिन्याने मामा निवृत्त झाले. निरोपाला शाल आणि नारळ दिला. साहेब भाषणात म्हणाले, “शेवटी शेवटी थोडा गैरसमज झाला, तो आपण विसरून जाऊ.” मामा उठून म्हणाले, “इसरू नका साहेब. लिवून ठेवा.” सगळे हसले. मी तिसऱ्या रांगेत मान खाली घालून बसले होते. जाताना त्यांनी फिरकीची पेटी माझ्या हातात दिली. “वात सोमवारी बदलजो,” म्हणाले, आणि स्टँडवर जाऊन नेहमीसारखे तिघांना विचारून गाडीत चढले. मी पेटी घेऊन लांब उभी होते.

त्यानंतर दर खंडेनवमीला तळेगावहून त्यांचा फोन यायचा. “पूजा झाली? काच झाकलती ना? फडक्यानं झाकलती का कागदानं?” मी सांगायची. ते पुन्हा विचारायचे, मी पुन्हा सांगायची. आणि शेवटी, “लिवलं का?” मी म्हणायची, “लिहिते मामा.” ते म्हणायचे, “बरं.” बाकी सगळं दोनदा विचारणारा हा माणूस एवढी एकच गोष्ट एकदाच विचारायचा. मला वाटायचं, माझ्यावर विश्वास नाही म्हणून दर वर्षी टोचतात. मी कायम झाले, मला बढती मिळाली, गिरणीत तसले आणखी डबे आले, साहेबही बदलून गेले. आता लिहिलं तर कोणी वाकडं करू शकलं नसतं. तरी लिहिलं नाही. उशीर झाला की लाजही वाढते.

या वर्षी खंडेनवमीला फोन आला नाही. मामा उन्हाळ्यातच गेले होते आणि ते मला ठाऊक होतं, तरी मी दिवसभर फोन हातात धरून होते. संध्याकाळी शिफ्ट सुटायच्या आधी मी जुन्या रजिस्टरांचं कपाट उघडलं, ते पान काढलं आणि माझ्या त्या भेकड शेऱ्याखाली लिहिलं: ‘वरील नऊ दिवसांचे आकडे खोटे. पूजेत नारळाचे पाणी मी काचेवर शिंपडले. वलमामांनी यंत्राला हात लावला नव्हता. त्यांचे आकडे बरोबर होते.’ खाली सही केली. मग रजिस्टर उचलून रिंगफ्रेमच्या खात्यात गेले आणि सुमनताई आणि जुन्या बायांसमोर ते वाचून दाखवलं. यंत्रांच्या आवाजात ओरडून वाचावं लागलं.

सुमनताईंनी सगळं ऐकलं. हातातला धागा सांधला आणि म्हणाल्या, “आमाले मालूम होतं बाई. नारयाचं पानी तुमीच शिपडलं, आमी काय आंधये हाओ?”

“मग इतकी वर्षं कोणी बोललं का नाही?”

“मामा नाई म्हने. गोदामात होता तवाच सांगतलं त्यानं, कोनी साहेबाकडं जाऊ नका, थे पोरगी सोता लिहीन. मी इचारलं, पक्कं का मामा? तं म्हने, पक्कं. पुन्हा नको इचारू.”

एसटीची पाटी, भिंतीवरचं घड्याळ, स्वतःचे डोळे, कशावरच ज्यांनी विश्वास ठेवला नाही, त्यांनी माझ्यावर ठेवला होता, आणि स्वतःच्या नावावर डाग घेऊन तो निभावला होता. मी तिथेच, रुईच्या धुरळ्यात, सगळ्या बायांसमोर ढसाढसा रडले. सुमनताईंनी पदराने माझ्या केसांवरची रुई झटकली. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की सहीखाली तारीख टाकायची राहिली आहे. मी पेन मागून घेतलं आणि आजची तारीख टाकली.